पाठमायची तिसरी घागर

माझी बायको मैना मागच्या आश्विनात वारली. त्याच्या सहा महिने आधी, चैत्रात, पाठमायचा डोंगर चढताना तिनं अर्ध्या वाटेत आपली घागर खाली ठेवली होती. ती घागर मी घरी आणली. झालं ते एवढंच, पण कसं झालं ते लिहून ठेवावं असं वाटलं. मी चौथी शिकलो आहे. मराठी लिहिता येतं.

मी किरनापूरला धानाच्या मिलमध्ये काम करतो. हलरमध्ये धान सोडायचं, तांदूळ आणि कोंडा नीट वेगळा पडतो का पाहायचं, पट्टा उतरला की चढवायचा. एकवीस वर्षं हेच करतो आहे. मूळचा मी आमगावकडचा. मैनाचं माहेर इकडचं, मिलचं काम तिच्या मामानं लावून दिलं म्हणून इकडे आलो. तिचं गाव पाठमायच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. किरनापूरहून लांजीच्या मोटारीत बसायचं, फाट्यावर उतरायचं आणि तिथून दोन कोस चालायचं.

डोंगर फार उंच नाही. धडधाकट माणूस पाऊण तासात वर पोचतो. वर काळ्या दगडांची एक बुटकी खोली आहे, वाकून आत जावं लागतं. आत देवी बसली आहे, ती दाराकडे पाठ करून. तिचं तोंड कोणी पाहिलेलं नाही. समोर जायला जागाच नाही. तिच्या गुडघ्यांना भिंत लागते आणि भिंतीपलीकडे कडा आहे. तिथं सगळी पूजा पाठीची होते. पाठीला हळद लावतात, पाठीवर पाणी ओततात, पाठीच्या पाया पडतात.

त्याची गोष्ट मला सासऱ्यांनी लग्नाच्या वर्षी सांगितली. खालच्या गावात एक सून होती. नदी लांब, आणि उन्हाळ्यात घराचं सगळं पाणी ती एकटी भरायची. एक दिवस सकाळपासून तिनं खेपा घातल्या आणि आणलेली प्रत्येक घागर कशात ना कशात गेली. पाहुण्यांचे पाय धुतले, बैलांना पाजलं, सासऱ्यानं अंघोळ केली, सासूनं शेण कालवलं. सुनेनं प्यायला मागितलं तर सासू म्हणाली, अजून एक खेप आण, मग पी. ती गेली, घागर भरली, डोक्यावर घेतली आणि घराकडे न वळता डोंगर चढायला लागली. गावानं हाका मारल्या. तिनं मागं पाहिलं नाही. वर जाऊन जंगलाकडे तोंड करून बसली आणि दगड झाली. सासऱ्यांची गोष्ट इथं संपली. म्हणून आमच्याकडे सुनेला पाण्यासाठी कोणी अडवत नाही, असं ते वर म्हणाले. तेव्हा आम्ही जेवत होतो आणि पाणी मैनाच वाढत होती.

चैत्र पुनवेला तिथं बायका घागर नेतात. पायथ्याला झिरा आहे, तो उन्हाळ्यातही आटत नाही. तिथं घागर भरायची, डोक्यावर घ्यायची आणि वर नेऊन पाठीवर ओतायची. नवस असेल तर तीन वर्षं तीन घागरी. वाटेत बोलायचं नाही, मागं पाहायचं नाही. पुरुष वर जात नाहीत. ते झिऱ्यापाशी चिंचेखाली बसून बिड्या ओढतात. एखादीला वाटेत झेपलंच नाही तर पाणी झाडाला ओतून द्यायचं, घागर तिथंच पालथी घालायची, वर दगड ठेवायचा आणि दगडाला हळदीचं बोट लावायचं. पुढच्या पुनवेला झिऱ्याचं पाणी तिथवर न्यायचं, त्या घागरीत ओतायचं आणि तिथून पुढं चढायचं. अशा पालथ्या घागरी दरवर्षी दोन-तीन तरी दिसतात. त्यांना कोणी हात लावत नाही, असं मी ऐकून होतो.

आम्हाला मूल झालं नाही. पण मैनाचा नवस त्याचा नव्हता, ते आम्ही दोघांनी केव्हाच सोडून दिलं होतं. तिचा नवस तिच्या दमाचा होता. पासष्ट सालापासून तिला चालताना दम लागायचा, मग बसल्या जागीही लागायला लागला. बालाघाटला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, लहानपणी सांधे धरून ताप आला असेल, त्यात हृदयाची झडप खराब झाली आहे. गोळ्या दिल्या. नागपूरला नेलं तरी याहून वेगळं काही सांगतील असं नाही, असंही म्हणाले. ती गोळ्या घ्यायची आणि पाठमायला तीन घागरी बोलली होती. पहिल्या दोन तिनं वर नेल्या. दुसऱ्या वर्षी उतरली तेव्हा तिचे ओठ काळे पडले होते, पण चेहरा असा होता की मी रागावू शकलो नाही.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षीच्या चैत्रात, ती बराच वेळ आली नाही. तिच्या मागून गेलेल्या बायका उतरून आल्या. मग ती आली, शेवंताबाईच्या खांद्याला धरून. शेवंताबाई आमची शेजारीण, तिचंही माहेर त्याच गावातलं. मैनाच्या डोक्यावर नुसती चुंबळ होती. ती काढायचंही तिला सुचलं नव्हतं. मोठ्या मोहाच्या झाडाच्या मुळाशी ठेवली, एवढंच बोलली. गाडीत परत येताना थोडा दम बसला तेव्हा म्हणाली, "आईची घागर हाय थे."

त्या चार शब्दांचा मी चुकीचा अर्थ घेतला.

घागर तांब्याची होती, जुन्या वजनाची. तिची आई वारल्यावर तिनं बाकी काही मागितलं नव्हतं, तेवढी घागर मागितली होती. त्या साली आमच्या भागात भंगार घेणारे खूप फिरत होते. मोडीच्या भावानं तांबं घ्यायचे, आणि शेतातल्या पंपाचे पितळी भागसुद्धा चोरीला गेले होते. मला वाटलं, तिला घागरीची काळजी लागली आहे. वर्षभर जंगलात तांबं कोण राहू देईल. चार दिवसांनी मिलला सुट्टी होती. बाजारातून मी मातीची चांगली पक्की घागर घेतली आणि तिला न सांगता डोंगरावर गेलो. मोहाच्या मुळाशी तिची घागर होती तशी होती. ती उचलली, तिच्या जागी मातीची पालथी घातली, तोच दगड तिच्यावर ठेवला, पुडीतली हळद लावली. मला वाटत होतं की नवस जागेचा आहे. पुढच्या साली ती तिथून उचलेल, मातीची काय आणि तांब्याची काय.

घरी येऊन मी घागर चिंच लावून घासली आणि घडवंचीवर ठेवली. मैना मागच्या अंगणातून आली. दाराला हात धरून उभी राहिली.

"थ्या जागेवर काय ठेवलं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं मातीची ठेवली, दगड तोच आहे, हळद लावली आहे. ती घागरीकडे पाहत राहिली. मग "बरं केलं" म्हणाली आणि चूल पेटवायला आत गेली. मला वाटलं, खूश झाली.

त्यानंतर ती शांत झाली. आधी ती दमानं घाबरायची, माझा हात धरायची, उद्या बालाघाटला जाऊ म्हणायची. ते सगळं थांबलं. गोळ्या मी दिल्या तर घ्यायची, नाही दिल्या तर मागायची नाही. मी मिलमध्ये सगळ्यांना सांगितलं की घरी आता बरं आहे. आणि तिनं मला स्वयंपाक शिकवायला सुरुवात केली. पाटावर बसून सांगायची, मी करायचो. आधी भात, मग तुरीचं वरण, मग अंबाडीची भाजी. माझ्या भाताचा गोळा व्हायचा. ती म्हणायची, "मिलमदी पोतेच्या पोते तांदूळ काढता, आन् घरी त्याची खळ करता. आता कपड्यायले लावू का हे?" आम्ही हसायचो. शेवंताबाई कुंपणावरून विचारायची की भाऊजीची नोकरी गेली का, चुलीपाशी काहून बसून राह्यले. मैना म्हणायची, याहिले शौक आला आहे.

तिनं पेटीतलं हिरवं लुगडं बहिणीला दिलं. मीठ कोणत्या डब्यात, बियाणाची वांगी कोणत्या गाडग्यात, पापड कोणाकडून आणायचे, सगळं दाखवलं. मी शिकत होतो आणि मला काही कळत नव्हतं.

आश्विनात एका दुपारी शेवंताबाईचा नवरा मिलमध्ये आला. पट्टा चालू होता, आवाजात त्याचं बोलणं ऐकू येईना, म्हणून त्यानं हातानं खूण केली की चल. मैना ओसरीत भिंतीला टेकून बसलेली होती. मांडीवर सूप होतं, सुपात डाळ. अर्धी निवडून झाली होती.

तेरावं झालं. दिवाळी झाली. मिलचा हंगाम सुरू झाला, नवं धान यायला लागलं, रात्रपाळ्या लागल्या. मी तिनं शिकवलेला भात करायचो आणि खायचो.

पौषात एका रविवारी शेवंताबाई वाटीत भाजी घेऊन आली. बसली, पाणी मागितलं. मी घडवंचीवरच्या तांब्याच्या घागरीतून गडू भरून दिला. तिनं गडू हातात घेतला, घागरीकडे पाहिलं आणि गडू खाली ठेवला. म्हणाली की ती माठातलं घेईल. मी विचारलं, या पाण्याला काय झालं. ती काही नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं. मला तेव्हा आठवलं की घागर घरी आल्यापासून मैनासुद्धा तिच्यातलं पाणी प्यायली नव्हती. भरायची, मला द्यायची, स्वतः माठातलं घ्यायची. सहा महिने मी ते पाहत होतो.

शेवंताबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "भाऊजी, तुमाले ठाऊकच नोयतं का?"

मग तिनं सांगितलं. पुरुषांना सांगतात ती गोष्ट सून दगड झाली तिथं संपते. बायकांची गोष्ट त्यापुढं जाते. ती झिऱ्यापासून वर जाईपर्यंत मनात म्हणायची असते, आई मुलीला लग्नाआधी सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सुनेचा नवरा डोंगर चढून वर गेला. ती पाठ करून बसली होती आणि शेजारी घागर होती. त्यानं तिला हाक मारली नाही. तिच्या पाठीकडे पाहिलं, घागरीकडे पाहिलं. घरात घागर एवढीच होती आणि पाणी तर लागणारच. त्यानं घागर उचलली आणि घरी आला. घरी सासूनं विचारलं, सून कुठं आहे. तो म्हणाला, घागर आणली.

"म्हनून थ्या डोंगरावरची घागर मानसानं खाली आनाची नसते," शेवंताबाई म्हणाली. "जिची आनली, थे बाई वरच राह्यली असं समजाचं."

मी विचारलं, मैनाला हे माहीत होतं का. मूर्खासारखा प्रश्न होता. ती त्याच गावची. मी म्हणालो, "मंग मले काहून नाई सांगतलं तिनं?"

"मी म्हटलं होतं तिले, भाऊजीले सांग, घागर परत ठेवून येतीन. तं म्हने, एकदा आनली थे आनली. यायनं चांगल्यासाठीच आनली, म्हने. यायले सांगू नोको, नाईतं जेवाचे नाईत."

मग ती रडायला लागली. मी रडलो नाही. मी उठून घागरीतलं पाणी वांग्याच्या वाफ्यात ओतलं आणि घागर आत नेऊन धान्याच्या कोठीमागे ठेवली.

मैना घागरीमुळं गेली असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते मला आठवतं. पण ती सहा महिने मेलेली असल्यासारखी घरात वागली, आणि ते मी केलं होतं. ती वर राहिली आहे असं तिला वाटत होतं आणि तसंच वाटत ती गेली. त्यानंतर मला झोप लागेना. डोळे मिटले की त्या बुटक्या खोलीबाहेर, उन्हात, ती पाठ करून बसलेली दिसायची. मी देवाधर्माचा फार माणूस नाही. तरी मला वाटायला लागलं की तिची तिसरी घागर वर पोचली पाहिजे, म्हणजे ती तिथून सुटेल.

शेवंताबाईला विचारलं तर तिनं सांगितलं की जिनं ठेवली तिनंच उचलायची. आजारी असेल तर तिच्या नावानं घरातलं दुसरं कोणी नेतं, मात्र ती जिवंत पाहिजे. मेलेल्याच्या नावानं पाठमाय पाणी घेत नाही. मेलेल्याचं पाणी नदीला. तिथं वर पुजारीण असते, गोदाबाई, ती प्रत्येकीला विचारूनच आत सोडते. शेवंताबाई म्हणाली, आता काही होत नाही भाऊजी, सोडून द्या.

मी सोडलं नाही. चैत्राची वाट पाहिली. पुनवेला बायकांची गर्दी असते आणि त्यात पुरुषाला कोणी चढू देणार नाही, म्हणून पुनवेच्या दोन दिवस आधी जायचं ठरवलं. मिलमध्ये नथ्थूला सांगितलं की एक दिवस माझा हलर पाहा. नथ्थू माझ्याबरोबर लागलेला, आमची थट्टा जुनी आहे. कुठं जातोस म्हणाला, मी सांगितलं. तो म्हणाला, "डोक्यावर घागर घेऊन जाशीन? मंग लुगडं बी नेस लेका, मिशीवर पदर घे, देवीले काय समजते." मी हसलो नाही. संध्याकाळी जाताना त्यानं स्वतःचा पंचा माझ्या खांद्यावर टाकला, चुंबळीला होईल म्हणून.

सकाळच्या गाडीनं गेलो. सासरच्या गावात शिरलो नाही, शेतातून झिऱ्यावर गेलो. मिलमधून तेलाचा रिकामा डबा धुऊन नेला होता, तो भरला. एका हातात डबा, दुसऱ्या हातात रिकामी घागर. मोहाची फुलं पडत होती, सगळ्या वाटेवर त्यांचा वास होता. दोन बाया टोपल्यात फुलं वेचत होत्या. त्या माझ्याकडे पाहून एकमेकींना कोपरानं ढोसून हसल्या.

मोठ्या मोहापाशी आलो. मातीची घागर फुटलेली होती. रानडुकरानं की माकडांनी, कोण जाणे. दगड बाजूला पडला होता, हळद पावसानं गेली होती. मी खापऱ्या गोळा करून झाडामागे टाकल्या. तांब्याची घागर मुळाशी पालथी घातली, त्यावर दगड ठेवला, हळदीचं बोट लावलं. म्हणजे जिथं तिनं सोडलं होतं तिथं पुन्हा आणलं. मग थोडा वेळ बसलो. किती वेळ बसावं ते माहीत नव्हतं. वर्ष जायला पाहिजे होतं आणि मी एक बिडी ओढण्याइतका बसलो. मग दगड काढला, घागर सुलटी केली, डब्यातलं पाणी तिच्यात ओतलं आणि नथ्थूच्या पंच्याची चुंबळ करून घागर डोक्यावर घेतली.

मी पोती उचलणारा माणूस आहे. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चढलो आहे. पण घागर डोक्यावर घेऊन चालणं वेगळं. मान हलवता येत नाही, पायाखाली पाहता येत नाही, पाणी आत एका बाजूला जातं आणि तुम्हाला तिकडे ओढतं. पन्नास पावलांत माझा शर्ट भिजला. मोहापासून वर चढण उभी आहे. तिला दम कुठं कुठं लागला असेल ते माझ्या पायांना कळत होतं, आणि दोन वर्षं ती इथून पुढं गेली होती. मी दोनदा थांबलो, पण घागर खाली ठेवली नाही. मागं पाहिलं नाही.

गोदाबाई खोलीसमोर झाडत होती. सत्तरीची असेल, वाकलेली. खोलीच्या बाजूला तिची झोपडी आहे, बारा महिने तिथंच राहते. पुरुषाच्या डोक्यावर घागर पाहून तिनं झाडू टाकला.

"खाली ठेवू नोको," ती म्हणाली. "कोनाची हाय?"

"माह्या घरचीची."

"घरची कुठं हाय?"

मी म्हणालो, "घरी."

"मानसानं आनाचा रिवाज नाई हे. घरात दुसरी बाई नाई का?"

मी सांगितलं कोणीच नाही, मूलबाळ नाही, तिला चढवत नाही. तिसरी घागर आहे. गेल्या साली मोहापाशी ठेवली होती. गोदाबाई माझ्या जवळ आली आणि घागरीचा काठ पाहिला. काठाला एक चेपलेली जागा आहे, तिथं तिनं बोट ठेवलं.

"दम लागे थे का? काळीसावळी, उंच? दुसऱ्या साली इथं दाराशीच बसली होती घडीभर. मीच पाठ चोळून देल्ली तिची."

मी मान हलवू शकत नव्हतो. हौ म्हणालो.

"मले इचारावं लागते बाबू, नाराज होऊ नोको. जिती हाय ना?"

वाटेत मी या प्रश्नाचं उत्तर ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर कदाचित अडखळलो असतो. मी म्हणालो, "हौ, माय. जिती हाय."

"दम कसा हाय आता?"

"आराम हाय."

"जेवते ना बराबर?"

"जेवते. मीच करून घालतो."

गोदाबाई हसली. तिला हसताना पाहून वाटलं, सांगून टाकावं. पण सांगितलं असतं तर तिनं मला तिथूनच परत पाठवलं असतं, आणि घागर माझ्या हातून दुसऱ्यांदा खाली गेली असती. गोदाबाई बाजूला झाली. मी वाकून आत गेलो. तिनं मागून घागरीला हात लावला आणि आम्ही दोघांनी मिळून ती उतरवली. आत अंधार होता आणि गार होतं. पाठ माझ्यासमोर होती, हळदीनं जाड झालेली, बाईच्या पाठीएवढीच. मी पाणी ओतलं. पाणी पाठीवरून खाली गेलं. मला वाटलं होतं काहीतरी वाटेल. पाणी ओतल्याचा आवाज झाला, बाकी काही नाही.

मी निघायला लागलो तर गोदाबाईनं थांबवलं. देवीच्या पाठीखाली दगडाला एक खळगा आहे, ओतलेलं पाणी त्यात साचतं. तिनं त्यातलं ओंजळभर काढून माझ्या घागरीत सोडलं.

"तिसऱ्या घागरीचं हे उष्टं बाईनं इथंच प्यावं लागते. ती नाई आली तं तू ने. तिले पाज. तिनंच प्यावं, दुसऱ्या कोनी तोंड लावाचं नाई, आन् भुईवर सांडाचं नाई. एवढं पेली की झाला नवस तिचा पुरा. नाई पेली तं नाई." मग तिनं पदराच्या गाठीतून कुंकवाची पुडी काढून दिली. "तिले म्हनाव, घेतलं मायनं. आता भेऊ नोको म्हनाव."

मी पुडी खिशात ठेवली आणि तिच्या पाया पडलो.

उतरताना घागर दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. पाणी आत हलायचं त्याचा आवाज येत होता. फुलं वेचणाऱ्या बाया अजून होत्या, या खेपेला हसल्या नाहीत. गाडीत कंडक्टर म्हणाला, भांडा ऊपर रख दो. मी नाही म्हणालो, मांडीवर घेऊन बसलो. शेजारचा माणूस विचारत होता घी है क्या. मी हो म्हणालो. त्या दिवशी खोटं बोलणं मला जड जात नव्हतं.

शेवंताबाई दारात उभी होती. मी तिला सगळं सांगितलं, गोदाबाईनं काय विचारलं आणि मी काय बोललो तेही. ती ऐकत होती, आणि मी उष्ट्यापाशी आलो तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला. मी विचारलं, आता याचं काय करायचं.

ती म्हणाली, "असं कोनी केलंच नाई आजवर, भाऊजी. मी काय सांगू?"

मी म्हणालो, नदीला सोडू का. ती म्हणाली, जित्या बाईचं म्हणून आणलं ते नदीला कसं सोडता. मी म्हणालो, मी पिऊ का. ती नको म्हणाली, आणि मलाही ते नको होतं. ती घरात गेली. थोड्या वेळानं तिनं कुंपणावरून भाकरी दिली, पण डोळे वर केले नाहीत.

याला आज अठरा दिवस झाले. घागर घडवंचीवर नाही, आत ठेवली आहे, जिथं मैनाची वळकटी असायची तिथं. तोंडावर पितळी ठेवली आहे, तरी वैशाखाचं ऊन आहे, पाणी कमी होतं. कुंकवाची पुडी शेजारीच आहे. मिलमधून आलो की हात धुतो, पितळी काढतो आणि आत हात घालून पाहतो. पहिल्या दिवशी बोटं बुडाली होती. आज नख भिजलं. ते आटलं तर कोणी प्यायलं असं होईल का सांडलं असं, हे विचारायला पुन्हा डोंगरावर जायचं तर गोदाबाई आधी मैना कशी आहे विचारेल. पितळी परत ठेवतो आणि भात टाकतो.